हातपाय गार, कपाळ गरम

बालरुग्ण विभागात रात्रपाळी असली की पहाटे दोन-तीनच्या सुमारास एखादी आई हमखास धावत येते. मूल छातीशी घट्ट धरलेलं, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, वरून दुलई आणि टोपीखाली मिठाच्या पाण्याची पट्टी. “सिस्टर, कपाळ भाजतंय हो, पण हातपाय गार पडलेत. ताप डोक्यात तर जाणार नाही ना?”

या आईचं निरीक्षण अगदी अचूक असतं. कपाळ गरम आणि तळवे गार, हे तिला थर्मामीटर लावण्याआधीच कळलेलं असतं. फक्त त्याचा अर्थ तिला कुणी सांगितलेला नसतो. औषधाची चिठ्ठी मिळते, इंजेक्शन मिळतं, पण हातपाय गार का पडले हे कोणीच सांगत नाही. मला ते सांगायला फार आवडतं.

माणसाचं नेहमीचं तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरेनहाइट, हे आपण शाळेत शिकलो. कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदी ठेवून १८६८ साली हा आकडा रूढ केला. प्रत्यक्षात ते दिवसभर थोडं खालीवर होत असतं, संध्याकाळी जरा जास्त असतं. मुलाच्या अंगात ‘कसर’ वाटली म्हणून लगेच औषधाची बाटली उघडू नये, ती यासाठीच. १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं, तर त्याला ताप म्हणायचं.

हे तापमान राखण्याचं काम मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस करतो. गीझरला जसा काटा असतो, तसा इथेही एक काटा आहे असं समजा. एरवी तो ३७ वर असतो. जंतू शरीरात शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात सोडतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ती जाणवतात आणि तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा पदार्थ तयार होतो. तो हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या काही चेतापेशींवर जाऊन बसतो. या पेशींचं रोजचं काम ब्रेकसारखं असतं: उष्णता निर्माण करणाऱ्या आणि साठवणाऱ्या यंत्रणेला त्या सतत आवरून धरतात. प्रोस्टाग्लँडिन या पेशींनाच गप्प करतं. ब्रेक सुटतो, मेंदूच्या खालच्या भागातून चेतातंतूंमार्फत संदेश सुटतात आणि काटा ३७ वरून, समजा, ३९.५ वर जातो.

इथे जरा थांबून विचार करा. काटा ३९.५ वर गेला, पण मुलाचं अंग अजून ३७.५ वरच आहे. मेंदूच्या हिशेबाने हे मूल थंडीत कुडकुडतंय! मग थंडीत शरीर जे जे करतं ते सगळं सुरू होतं. हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, गरम रक्त आत, धडाकडे आणि डोक्याकडे राखलं जातं. तळवे गार पडतात, नखं फिकी होतात. मोठं मूल हुडहुडी भरून दात वाजवतं. तान्ह्या बाळाला नीट कापता येत नाही, त्याच्या मानेजवळ आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते, ती जळून उष्णता देते. म्हणजे गार हातपायांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की ताप अजून चढतोय. थर्मामीटर अर्ध्या तासाने पुन्हा लावलात तर आकडा बहुतेक वाढलेला दिसेल. अंग ३९.५ ला पोचलं की तळवे गरम होतात. पुढे काटा परत खाली आला की रक्तवाहिन्या सैल होतात, दरदरून घाम फुटतो आणि आई म्हणते, “सुटला एकदाचा ताप.”

तेव्हा ताप डोक्यात ‘जात’ नाही, त्याची सुरुवातच डोक्यातून होते. पॅरासिटामॉल मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, म्हणून काटा खाली येतो. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा धीर धरावा. चार-सहा तासांनी ताप पुन्हा चढला, म्हणून औषध लागू पडलं नाही असं होत नाही. जंतूंशी झुंज अजून चालू असते, इतकंच.

आता ती पट्टी. मिठाच्या पाण्याची असो की युडी कोलनची, कपाळाला गार वाटतं, मुलाला बरं वाटत असेल तर ठेवावी. पण काटा वर असताना गार पाण्याने अंग पुसलं तर मेंदू आणखी चवताळून उष्णता तयार करतो आणि मूल थडथडा उडतं. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या सूचनांमध्ये तर तापासाठी मुलांना कोमट पाण्यानेही पुसत बसू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. मूल उघडंही ठेवू नये आणि गुंडाळूनही ठेवू नये. एक सुती कपडा, पातळ पांघरूण आणि भरपूर पाणी, पेज, अंगावरचं दूध.

उष्माघाताचं मात्र उलट. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत किंवा उन्हात राहिलेल्या मुलाचा काटा ३७ वरच असतो, बाहेरच्या उष्णतेने अंग तापलेलं असतं. तिथे पॅरासिटामॉल काही करू शकत नाही. सावलीत नेऊन, पाणी शिंपडून, वारा घालून ताबडतोब अंग गार करायचं आणि दवाखाना गाठायचा.

शरीर एवढा खटाटोप करतं तरी कशाला? यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग सरड्यांवरचा आहे. वाळवंटी इग्वाना हा थंड रक्ताचा प्राणी, ऊन आणि सावली निवडून अंग गरम ठेवणारा. अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांना १९७४ मध्ये दिसलं, की जंतू टोचले की हे सरडे नेहमीपेक्षा गरम जागा शोधून तिथे बसतात. पुढच्या वर्षी त्यांनी बाधित सरड्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवलं. ४० आणि ४२ अंशांतले बहुतेक जगले, ३४ अंशांतले मेले. सरड्यावरून थेट माणसाचा निष्कर्ष काढायचा नाही हे खरं. पण ताप हा शत्रूने लावलेला वणवा नसून आपल्याच बाजूची हालचाल असू शकते, हे त्यातून फार सुंदर दिसतं.

झटक्यांची भीती खरी आहे आणि मी ती कधी उडवून लावत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांत २ ते ५ जणांना तापात झटका येतो. बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, पण साध्या तापाच्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच रुग्णालय, आणि पहिलाच झटका असेल तर थांबला तरी दाखवाच. दातखीळ सोडवायला चमचा घालू नका, कांदा फोडून नाकाशी धरू नका, चप्पल हुंगवू नका. झटका बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळतं. मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात आजीचा जीव असतो, तो मी समजू शकते. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असताना दृष्ट काढण्यात आणि अंगाऱ्यात गेलेला एक तासही बाळाला महाग पडू शकतो. या वयात ताप म्हणजे त्याच क्षणी डॉक्टर. मोठ्या मुलातही आकड्यापेक्षा मूल बघावं: पीत नाही, उठवलं तरी उठत नाही, छाती आत ओढून श्वास घेतंय, मान ताठ झालीय, लघवी होत नाही, तर ताप १०१ असला तरी थांबू नये. तापाचा आकडा उतरला आणि मूल खेळायला लागलं, तर रात्री झोपेतून उठवून औषध पाजायची गरज नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मात्रेत. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत किमान चार तासांचं अंतर आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. पण ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर ते सव्वासहा मिलिलिटर होतं, २५०वालं असेल तर ३, आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर फक्त दीड. तान्ह्यांची बाटली छोटी, म्हणून औषध सौम्य असेल असं सगळ्यांना वाटतं. सिरपच्या सवयीने कोणी ते थेंब सहा मिलिलिटर पाजले तर मुलाच्या पोटात चौपट औषध जातं, आणि ते वारंवार झालं तर यकृतावर बेततं.

म्हणून घरी सोडताना मी आईला “समजलं का?” असं विचारत नाही. सगळ्याच हो म्हणतात. मी विचारते, “घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?” मग ती सांगू लागते आणि कुठे अडलं ते दोघींनाही कळतं. परवा एकीने गार हातपायांचं कारण माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं: “मेंदूला वाटतं थंडी वाजतेय, म्हणून तो हातातली ऊब काढून पोटात ठेवतो.” तिच्या बाटलीवर मी चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं: वजन ९ किलो, इतके मिलिलिटर, आजची तारीख. लसीकरणाला जाल तेव्हा वजन करून घ्या आणि ही पट्टी काढून नवी लावा, असं सांगून तिला लिफ्टपर्यंत सोडलं.