दुसऱ्या हातालाही काम हवे
ओवणपाटीसोबतची माहिती : पालक आणि आजी-आजोबांसाठी

ओवणपाटी म्हणजे भोकांतून नाडी ओवायची पाटी. मूल पहिल्यांदा ती घेऊन ओवायला बसेल, तेव्हा नाडीच्या हाताकडे पाहू नका. दुसरा हात काय करतो ते पाहा. तो पाटी धरतो, लागेल तशी फिरवतो, की मांडीवर नुसता पडून असतो? हे खेळणे आम्ही त्या दुसऱ्या हातासाठीच बनवतो.

शर्टाचे बटण लावताना एक हात बटण ढकलतो, दुसरा काज ताणून धरतो. डबा उघडताना, पेन्सिलीला टोक करताना, पट्टीने रेघ मारताना हेच. अक्षर वाकडे येते म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाची वही पुष्कळदा नुसती सरकत असते, कारण दुसरा हात तिच्यावर ठेवलेलाच नसतो.

दोन हात तीन तऱ्हांनी चालतात. टाळी वाजवताना, लाटणे फिरवताना दोघांचे काम एकच. शिडी चढताना, दोर ओढताना आळीपाळीने. तिसऱ्या तऱ्हेत एक धरतो नि दुसरा करतो; ही जमायला वेळ लागतो. हातांची कामे कशी वाटली जातात ते पाहायला आपल्या सोलापुरात हातमागापाशी उभे राहावे : एक हात दोरी खेचून आडवा धागा नेणारा धोटा पळवतो, दुसरा तो धागा घट्ट बसवायला फणी ठोकतो, आणि खाली पाय पावड्या दाबत असतात.

कोणत्या वयात काय?
सहा-सात महिन्यांचे बाळ खुळखुळा या हातातून त्या हातात घेते. नऊ-दहाव्या महिन्यात दोन ठोकळे एकमेकांवर आपटते. अडीच वर्षांच्या आसपास झाकण फिरवून काढते. तिसऱ्या वर्षी कात्रीने कागदाची कड कुरतडते. रेघेवरून कापणे त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. बुटाची नाडी पाच-सहाव्या वर्षी, कधी त्याहून उशिरा. थोडे मागेपुढे झाले म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना नको.

पाटी कशी वापरावी?
पाटी टेबलावर सपाट ठेवू नका, मुलाच्या हातात द्या. ठेवली की दुसरा हात सुटीवर गेलाच. आधी कडेची मोठी भोके, मग आतली नक्षी. तुम्ही समोर नको, शेजारी बसा. समोरून दाखवले की मुलाला सगळे उलटे दिसते. दहा मिनिटे पुरेत. मूल डावखुरे असेल तर हात बदलायला लावू नका. कात्री मात्र त्याला डावखुऱ्यांचीच आणा. साध्या कात्रीचे पाते त्याच्यापासून रेघ झाकते.

सोबतचे मणी तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत. नाडी गळ्यात घालू देऊ नका; ओवताना मोठे माणूस जवळ असावे.

पाटी नसली तरी
धंद्याच्या दृष्टीने हे छापायला नको होते, पण घरात याहून चांगले सामान आहे. चटणीसाठी शेंगा फोडायला बसवा. ओले फडके पिळायला द्या, दोन्ही हात उलट दिशांना फिरतात. थंडीत हुरड्याचे कणीस तळहातांवर चोळू द्या (गार झाल्यावर). ज्वारीच्या पिठाचा छोटा गोळा दिला तर भाकरी थापता थापता कडेला आधार देणारा हात आपोआप कामाला लागतो. नकाशासारखी भाकरी झाली तरी खा. घरी विड्या वळायचे सूप असेल तर तेवढे मुलांपासून लांबच बरे, तंबाखू तो तंबाखूच. मोबाईलवर एक बोट फिरते, दुसऱ्या हाताला काहीच काम उरत नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
वर्षाच्या आतले बाळ ठामपणे एकच हात वापरत असेल, दुसऱ्याची मूठ सतत मिटलेली किंवा हात ताठ, लुळा वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच न्या. ‘डावखुरे असेल’ म्हणून थांबू नका; इतक्या लहान वयात हाताचा कल ठरलेला नसतो. शाळेत जाणाऱ्या मुलाचे बटण, डबा, कात्री सगळेच अडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामे जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाचा) सल्ला घ्यावा. आमची पाटी हे खेळणे आहे, उपचार नाही.

नाडीचे टोक उसवले, तर पाटी दुकानात आणा. नवी नाडी घालून देऊ, पैसे लागणार नाहीत.