त्याचं वाढतं, तिचं घटतं

वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर वर्षभराने एका पुरुषाचा आणि एका बाईचा रक्ताचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला, तर बहुतेक वेळा एक गंमत दिसते. त्याचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुष-हार्मोन (ते बायकांतही थोडं असतं), वाढलेलं असतं आणि तिचं उतरलेलं. दोघांचं ऑपरेशन एकच, समजा स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करायची. मग हार्मोन उलट दिशांना का जावेत?

आधी पुरुषाचं पाहू. पोटावरची चरबी नुसती साठून पडलेली नसते. तिच्यात ॲरोमटेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्रॅडिऑल या स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करतं. एस्ट्रॅडिऑल, चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन, वाढलेलं इन्शुलिन आणि शरीरात सतत धुमसणारा सौम्य दाह या सगळ्यांचा दाब मेंदूच्या तळाशी असलेल्या यंत्रणेवर पडतो. वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं एलएच हे हार्मोन तिथूनच सुटतं, ते कमी सुटू लागतं. म्हणजे वृषणं धडधाकट असतात, त्यांना वरून हुकूमच येत नाही. म्हणूनच ही अवस्था बऱ्याचदा मागे फिरवता येते.

बाईच्या बाबतीत इन्शुलिन थेट अंडाशयात जाऊन गोंधळ घालतं. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी ओततं. स्नायू बधिर झालेले असतात, पण अंडाशय त्याचं ऐकतच राहतं आणि जास्त पुरुष-हार्मोन बनवतं. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, अंडं वेळेवर सुटत नाही. आपल्याकडे घरोघरी ज्याला ‘पीसीओडी’ म्हणतात त्यातलं हे नेहमीचं चित्र. (सडपातळ मुलींनाही पीसीओडी असतो. प्रत्येक वेळी ‘आधी वजन कमी कर’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

दोघांच्या मागे सूत्रधार बराचसा एकच आहे, जादा चरबी आणि जादा इन्शुलिन. ऑपरेशनमुळे दोन्ही घटतात. इन्शुलिन तर वजनकाट्यावर फारसा फरक दिसायच्या आतच उतरू लागतं.

२०१७ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक विश्लेषण झालं. ऑपरेशनला आलेल्या अतिस्थूल पुरुषांपैकी सुमारे ६४ टक्क्यांमध्ये टेस्टोस्टेरॉनची कमतरता होती आणि ऑपरेशननंतर त्यांतल्या ८७ टक्क्यांची ती दूर झाली. बायकांपैकी ३६ टक्क्यांना पीसीओएस (पीसीओडीचंच डॉक्टरी नाव) होता, त्यांतल्या ९६ टक्क्यांमध्ये तो आटोक्यात आला. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ते बहुतांशी लहान अभ्यासांतून आलेले आहेत. त्यामुळे मला २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली लंडनची चाचणी जास्त वजनदार वाटते. पीसीओएस असलेल्या ८० स्थूल स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचं स्लीव्ह ऑपरेशन झालं, दुसऱ्याला औषधं आणि आहाराचा सल्ला मिळाला. मग वर्षभर दर आठवड्याला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजलं, कारण अंडं सुटल्यावर ते चढतं. औषधांच्या गटात वर्षभरात मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दोन वेळा अंडं सुटलं, ऑपरेशनच्या गटात सहा वेळा.

रिपोर्ट वाचताना एक गफलत मात्र हमखास होते. यकृतात एसएचबीजी नावाचं प्रथिन तयार होतं. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन त्याला चिकटून फिरतं आणि तेवढं कामाला येत नाही. इन्शुलिन जास्त असेल तर हे प्रथिन कमी बनतं. त्यामुळे स्थूल पुरुषाचं ‘टोटल टेस्टोस्टेरॉन’ प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसू शकतं. ऑपरेशननंतर एसएचबीजी झपाट्याने वाढतं आणि टोटलचा आकडा उडी मारतो. मोकळं, म्हणजे ‘फ्री’ टेस्टोस्टेरॉन वाढतं, पण तितकं नाही. बाईच्या रिपोर्टमध्ये याच प्रथिनाची वाढ वरदान ठरते, कारण ते जादा पुरुष-हार्मोन बांधून ठेवतं. नुसता टोटलचा आकडा पाहून खूश किंवा नाराज होऊ नये, एसएचबीजीही तपासून घ्यावं.

वर्षानुवर्षं पाळी अनियमित असलेल्या बाईला वाटतं, आपल्याला कुठे दिवस राहणार? ऑपरेशननंतर अंडं पुन्हा सुटू लागतं आणि अशा निर्धास्त घरांत अचानक गोड बातमी येते. पण ती वेळ बरी नसते. वजन झरझर उतरत असताना लोह, फोलेट, बी-१२ यांची चणचण असते. म्हणून साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. त्यातून स्लीव्हऐवजी जठराचा बायपास, म्हणजे अन्नाला जठराचा बराचसा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे नेणारं ऑपरेशन, झालेला असेल तर तोंडाने घेतलेली गर्भनिरोधक गोळी पुरती शोषली जाईलच असं नाही. कॉपर-टीसारखा उपाय ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवलेला बरा.

पुरुषांची गोष्ट इतकी सरळ नाही. टेस्टोस्टेरॉन आणि कामेच्छा वाढली तरी शुक्रजंतू सुधारतीलच असं नसतं. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि काही रुग्णांमध्ये वजन वेगाने उतरत असताना शुक्रजंतूंची संख्या घसरल्याच्याही नोंदी आहेत. त्यातून एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आजचा वीर्याचा रिपोर्ट अडीच महिन्यांपूर्वीच्या शरीराबद्दल सांगत असतो. मूल हवं असलेल्या जोडप्याने ही तपासणी ऑपरेशनआधी एकदा आणि वजन स्थिरावल्यावर पुन्हा एकदा करून घ्यावी.