डंकर्कचा लाकडी धक्का

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या मे-जूनमध्ये, जर्मनांनी फ्रान्समधल्या डंकर्कला कोंडलेल्या ब्रिटिश आणि मित्रसैन्याला समुद्रमार्गे इंग्लंडला हलवण्याची मोहीम झाली. तिच्यावरचा ख्रिस्तोफर नोलनचा २०१७ सालचा सिनेमा ‘डंकर्क’ पाहिलेल्यांना तो धक्का आठवत असेल. समुद्रात लांबवर गेलेली अरुंद वाट, तिच्यावर खेटून उभे असलेले सैनिक आणि वर घोंगावणारी विमानं. पण आजूबाजूला मैलोन्‌मैल मोकळा किनारा असताना सगळी गर्दी त्या एका वाटेवर का? याचं खरं उत्तर वाळूच्या उतारात आणि भरती-ओहोटीत आहे.

फ्रान्सच्या उत्तर टोकाचा हा किनारा फार उथळ आहे. ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे सरतं. विनाशिकेला, म्हणजे वेगवान युद्धनौकेला, तरंगायला तीन-चार मीटर खोल पाणी हवं, त्यामुळे तिला किनाऱ्यापासून बरंच दूर थांबावं लागे. सैनिक छातीभर पाण्यात तासन्‌तास रांगेत उभे राहत. मग वल्ह्यांची होडी येई, चार-दोन खेपा करी. भिजून जड झालेले चार-पाच जण एकाच बाजूनं काठाला लोंबकळले की ती कलंडे. २७ मे १९४० रोजी दिवसभरात सुटले अवघे ७,६६९ जण. मागे लाखो माणसं होती आणि जर्मन फौजा रोज जवळ येत होत्या.

बंदराच्या गोद्या बॉम्बहल्ल्यांत निकामी झाल्या होत्या. किनाऱ्यावरचे नौदल अधिकारी कॅप्टन विल्यम टेनंट यांची नजर त्या रात्री पूर्वेकडच्या लाटरोधक बांधाकडे गेली. सुमारे सव्वा किलोमीटर लांब, काँक्रीटच्या खांबांवर लाकडी फळ्यांची वाट. तो बांधला होता बंदरात शांत पाणी राहावं म्हणून. जहाज लावण्यासाठी नव्हेच. खांबांमधून जोराचा प्रवाह वाहत असल्यानं तिथे जहाज स्थिर ठेवणं कठीण. शिवाय भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरपर्यंत फरक, म्हणजे मुंबईच्या उधाणाच्या भरतीएवढा. ओहोटीला जहाजाचा डेक इतका खाली जाई की माणसांना शिड्यांवरून उतरावं लागे. तरीही टेनंट यांनी एक प्रवासी जहाज बोलावून पाहिलं. ते लागलं, भरलं आणि निघालं. माझ्या मते या मोहिमेचं नशीब त्याच रात्री फिरलं.

पुढचे आकडेच पाहा. २८ तारखेला १७,८०४, २९ ला ४७,३१० आणि ३१ ला ६८,०१४. ४ जूनपर्यंत एकूण ३,३८,२२६ माणसं सुटली; मोहिमेच्या सुरुवातीला अंदाज होता जेमतेम ४५,००० चा. त्यांतले २,३९,४४६ बंदरातून, मुख्यतः याच बांधावरून गेले. छोट्या खासगी बोटींचं शौर्य खरंच आहे. किनाऱ्यावरच्या सुमारे ९९ हजार माणसांसाठी त्या आणि जहाजांच्या होड्याच आधार होत्या. पण मोठा भार त्या फळ्यांनी पेलला.

किनाऱ्यावरच्या सैनिकांनीही भरती-ओहोटीचा हिशेब मांडला. ओहोटीला त्यांनी आपलेच लष्करी ट्रक एकामागे एक पाण्यापर्यंत नेऊन उभे केले, वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांत वाळूची पोती भरली आणि वर फळ्या टाकल्या. भरती आली की धक्का तयार! ३१ मेच्या सकाळी वारा वाढून लाटा उसळल्या तेव्हा होड्यांचं काम अडलं, इतका सगळा खेळ शांत समुद्रावर होता.

सिनेमात एक गोष्ट नाही, आणि ती मला सलते. त्या वाळूवर हिंदी सैनिकही होते. ब्रिटिश फौजेनं मोटारींवर भर देताना खेचरं जवळपास मोडीत काढली होती. ती पुन्हा लागली तेव्हा हिंदुस्थानातून खेचरांच्या चार तुकड्या मागवल्या गेल्या. डिसेंबर १९३९ मध्ये त्या मुंबईहून निघून फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरल्या. २८ मे रोजी मेजर अकबर खान यांच्यामागून सुमारे तीनशे जण शिस्तीत डंकर्कच्या किनाऱ्यावरून चालत गेले. चारपैकी एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली. आणि इतक्या लांबून सांभाळून आणलेली खेचरं फ्रान्समध्येच सोडून द्यावी लागली.