बहुवापरकर्ता हिशेबप्रणाली : प्रवेशदोष व निवारण

एकाच हिशेबात अनेक संगणकांवरून एकाच वेळी काम करताना येणारे अडथळे व ते दूर करण्याच्या रीती. मुंबईच्या मस्जिद बंदर, काळबादेवी, फोर्ट या भागांतील पेढ्यांत व सनदी लेखापालांच्या कार्यालयांत बहुधा एका साध्या संगणकावरचे फोल्डर ‘शेअर’ करून काम भागवतात. त्या संगणकालाच ‘सर्व्हर’ म्हणतात.

कुलूपबंदी (लॉकिंग) म्हणजे एक जण फाइल वा नोंद बदलत असताना इतरांना ती बदलू न देणे; तिच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत ती आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतील जिम ग्रे व सहकाऱ्यांच्या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विचरणी कुलूपबंदीच्या (आधी कुलुपे घेत जायचे, मग सोडत जायचे) मांडणीपर्यंत नेते. दुसरे मत एमएस-डॉसच्या ३.० आवृत्तीतील (१९८४) ‘शेअर’ या आज्ञेपासून आरंभ धरते. छोट्या कार्यालयापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या डेटाबेस-साधनांवर बेतलेल्या जुन्या प्रणालींत मध्यस्थी करणारा डेटाबेस सर्व्हर नव्हता. प्रत्येक संगणक सामायिक फाइल स्वतः उघडी, आणि पूर्ण फाइलला कुलूप लावायचे की एकाच नोंदीला, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवी. पूर्ण फाइलला लावले, की बाकीच्यांना थांबणे भाग पडे.

‘फाइल लॉक झाली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा अडकलेले सत्र (सर्व्हरशी न सुटलेली जोडणी) असते. जाळ्यावरून फाइली वाटून घेण्याची विंडोजची एसएमबी पद्धत वाचलेला मजकूर संगणकाजवळच राखून ठेवण्याची सवलत देते. दुसऱ्याने तीच फाइल मागितली, की सर्व्हर ही सवलत परत मागतो. पहिला संगणक गोठलेला असेल वा त्याची वीज गेली असेल, तर उत्तर येत नाही आणि फाइल काही काळ त्याच्याच नावे उघडी दिसते. सर्व्हरवरील ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये उघड्या फाइलींची यादी पाहून तेवढीच नोंद बंद करता येते. त्याआधी सर्वांनी प्रणालीतून बाहेर पडावे व फोल्डरची प्रत काढावी. ही सवलतच बंद करण्याचा जुना उपाय फक्त एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीला लागू पडतो, तरी तो आजही सुचवला जातो.

‘सर्व्हर दिसत नाही’ ही तक्रार वेगळी. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, की सर्व्हरचा आयपी पत्ता (जाळ्यातील त्याची क्रमांकरूपी ओळख) बदलू शकतो. तो कायम बांधून घ्यावा. विंडोजच्या लेखी जाळे ‘पब्लिक’ (सार्वजनिक) वर्गात गेले असल्यास फायरवॉल वाट अडवते. एसएमबीचे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) ४४५ खुले असावे, मात्र कार्यालयातील जाळ्यापुरतेच. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी संदेशांवर डिजिटल स्वाक्षरीची सक्ती असल्याने पासवर्डविना चाललेले शेअर अचानक नाकारले जाते. शेअर व फोल्डर यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतील, तर जास्त कडक ती लागू होते.

टॅली या हिशेबप्रणालीत ‘सिल्व्हर’ परवाना एका वापरकर्त्यासाठी, तर ‘गोल्ड’ स्थानिक जाळ्यावरील अनेकांसाठी असतो. तेथे डेटा उघडतो पण परवाना मिळत नाही, असा प्रकारही घडतो. परवाना-सेवा साधारणतः ९९९९ पोर्टवर चालते.

मासिक जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रासाठी २० तारीख जवळ आली, की सर्वांना एकच लॉगिन देऊन वेळ मारून नेण्याची रीत रूढ आहे. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाचा माग ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. सामायिक लॉगिनमध्ये व्हाउचर कोणी बदलले ते त्या मागातून कळत नाही.