बागेत रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायचंय? आधी वजनकाटा, मग नकाशा, मग अर्ज

सगळ्यात आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. हेलिकॉप्टरमध्ये बॅटरी बसवा, पुढचं झाकण लावा, शिकताना खाली बांधतात त्या काड्या आणि स्पंजचे गोळे असतील तर तेही राहू द्या, आणि मगच ते काट्यावर ठेवा. माझ्या पहिल्या हेलीचं वजन मी बॅटरीशिवाय केलं होतं. २३८ ग्रॅम भरलं, मी खूश. बायको म्हणाली, "बॅटरी न लावता उडतं का हे?" लावल्यावर आकडा २७१ वर गेला आणि माझं खेळणं कायद्याच्या वरच्या वर्गात जाऊन बसलं.

ही मेख २५० ग्रॅमची आहे. 'ड्रोन नियम, २०२१' हे २५ ऑगस्ट २०२१ ला आले. पुष्कळांना वाटतं की ड्रोन म्हणजे चार पंख्यांचं, कॅमेरावालं यंत्र, आपलं हेलिकॉप्टर त्यात येत नाही. येतं. माणूस आत न बसता उडणारं सगळं या नियमांत येतं, आणि त्यात विमान, फिरत्या पात्यांचं यान आणि दोन्हींचं मिश्रण असे तीन प्रकार केलेले आहेत. हेलिकॉप्टर दुसऱ्या प्रकारात. वर्ग ठरतो तो सामानासकट एकूण वजनावर. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. त्यावरच्या वर्गांशी छंदवाल्यांना कर्तव्य नाही.

याशिवाय नियमांत 'मॉडेल' नावाचा एक उपप्रकार आहे, तो आपल्या कामाचा. वजन २५ किलोच्या आत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच उड्डाण. या तिन्ही गोष्टी असतील तर तुमचं हेलिकॉप्टर मॉडेल. लग्नाचं शूटिंग करून चार पैसे घेतलेत की ते मॉडेल राहत नाही.

काय माफ, काय नाही

मॉडेलला आणि नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, म्हणजे यंत्राचा नमुना सरकारी चाचणीतून पास झालेला असण्याची अट नाही. उडवणाऱ्याच्या प्रमाणपत्राची, म्हणजे रिमोट पायलट सर्टिफिकेटची, माफी दोघांना आहे: नॅनो उडवणाऱ्याला, आणि पैशासाठी नाही अशा कामाला मायक्रो उडवणाऱ्याला. इथे लोक फसतात. 'मॉडेल आहे' एवढ्यावर प्रमाणपत्र माफ होत नाही. दोन किलोच्या वरचं मोठं हेली असेल, मग ते निव्वळ छंदाचं का असेना, प्रमाणपत्र हवं. थर्ड पार्टी विमा फक्त नॅनोला माफ आहे, म्हणजे माझ्या २७१ ग्रॅमवालीलाही तो लागतो.

नोंदणी या माफीच्या यादीत नाही. यानाचा युआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, घेतल्याशिवाय उडवायचं नाही हा मूळ नियम आहे. जत्रेत मिळणाऱ्या चाळीस ग्रॅमच्या इन्फ्रारेड हेलिकॉप्टरचा अर्ज भरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे हे खरं, आणि ते खेळणं उन्हात धड चालतही नाही, दिवाणखान्यातच बरं. पण २५० ग्रॅमच्या वर गेलात की हयगय नको.

नकाशा

सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर देशाचा हवाई नकाशा आहे. लॉगिनची गरज नाही. त्यात लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. हिरव्यात १२० मीटर उंचीपर्यंत परवानगीची गरज नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटरपर्यंत लाल, ५ ते ८ किलोमीटर जमिनीपासूनच पिवळा, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. ६० मीटर म्हणजे ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या वीस मजली इमारतीएवढी उंची.

नवी मुंबईकरांनी हे नीट वाचावं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. बेलापूर, उलवे, पनवेल तर विमानतळाच्या दारातच. 'आम्ही गेली दहा वर्षं इथंच उडवतोय' हे उत्तर त्यामुळे आता चालणार नाही. अंतर मोजायचं ते विमानतळाच्या कुंपणापासून. टर्मिनलपासून मोजलंत तर दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो. नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या लोकांनी आपल्या बागेवर बोट ठेवून रंग बघावा. पिवळा निघाला तर रविवारच्या तासाभराच्या मजेसाठी परवानगीच्या मागे लागण्यापेक्षा जागा बदलावी, असं माझं मत.

ठाणं मुंबई विमानतळापासून त्या मानाने लांब, पण कोलशेतला वायुदलाचं केंद्र आहे. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, खाडीकडे फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, आहे. तिथे रंग कुठलाही असो, पक्ष्यांच्या थव्यात हेली घालणं म्हणजे वनविभागाशी गाठ. नेरूळच्या पाणथळीजवळ राहणाऱ्यांनी थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत तिकडे फिरकूच नये.

नकाशा पाहिलात तरी एक गोष्ट उरते, ती पोलिसांचा मनाई आदेश. सण, निवडणुका, मोठ्या लोकांचे दौरे, सीमेवरचा तणाव, कारण काहीही असो, मुंबई परिसरातली पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर यांच्यावर बंदी घालतात, आणि अशा आदेशांत रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा उल्लेख अनेकदा स्पष्ट असतो. हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, मोडले तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. म्हणून नकाशा आदल्या रात्री एकदा आणि निघताना एकदा बघायचा.

बाग म्हणजे हिरवा रंग नव्हे

आकाश केंद्राचं, पण पायाखालची जमीन महापालिकेची. हिरव्या भागात उडवायला मोकळीक आहे, याचा अर्थ उद्यानाच्या रखवालदाराने तुम्हाला आत सोडावं असा होत नाही. मासुंदा तलाव, कचराळी, वाशीचं सागर विहार, नेरूळचं वंडर्स पार्क, इथे सकाळी काय गर्दी असते ती तुम्हाला माहीत आहे. आजी-आजोबा, बाबागाड्या, आणि हेली दिसलं की धावत येणारी पोरं. पोरांना ओरडून काही होत नाही, ती पात्याकडेच येतात.

आणि पातं ही साधी गोष्ट नाही. छंदवाले ज्याला सातशेचं हेली म्हणतात, त्याच्या वरच्या पात्यांचं वर्तुळ साधारण दीड मीटरचं असतं आणि ती मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फिरतात. गुणाकार करून बघा, टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातो. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, मॉडेल उडवायला राखीव मैदान असलेल्या उद्यानात, १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच हेलीच्या फटक्याने मृत्यू झाला. तो नवशिका नव्हता. दीड किलोचं हेली कायद्याला 'मायक्रो' वाटतं, पायलटचं प्रमाणपत्रही मागत नाही. कायदा वजन बघतो, जखम करतं ते पातं. म्हणून गजबजलेल्या बागेत नॅनोच्या वरचं काहीही काढू नये, या मताचा मी आहे, नियम काहीही म्हणोत.

मोकळं मैदान मिळालंच तर ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, आधी चालू, हेलीची बॅटरी नंतर. बंद करताना उलटं. थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर रोखून धरणारं, बटण दाबलेलं असल्याशिवाय हेलीच्या जवळ वाकू नका. सिग्नल तुटला तर मोटर बंद व्हायला हवी, ती होते का हे पाती काढून घरीच तपासा. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली की तिचा मोह सोडा.

अर्ज कसा करायचा

ड्रोनच्या बऱ्याच सेवा आता डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ईजीसीए संकेतस्थळावर आहेत. आधी तिथे तुमचं खातं, मग युआयएनसाठी नमुना डी-२. शुल्क १०० रुपये. हाताशी ठेवायचं ते म्हणजे ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल आणि ईमेल, खरेदीचं बिल, आणि तीन सिरीयल नंबर: यानाचा, आतल्या फ्लाइट कंट्रोलरचा (उड्डाण सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीचा) आणि रिमोटचा. फ्लाइट कंट्रोलरचा नंबर बारीक स्टिकरवर असतो आणि तो बरोबर दुहेरी टेपखाली चिकटवलेला असतो. हेली जोडण्याआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं अर्ज अर्धवट सोडून स्क्रू उघडत बसाल. क्रमांक मिळाला की तो यानावर लावा. कंट्रोलर किंवा रिमोट बदललात तर तीही नोंद बदलावी लागते.

दोन किलोच्या वरचं हेली असेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट. वय १८ ते ६५, मान्यताप्राप्त मंडळाची दहावी पास, आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण पूर्ण. पूर्वी यासाठी पासपोर्ट मागत. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवानाही चालतो. शुल्क इथेही १०० रुपये, पण प्रशिक्षणाची फी वेगळी आणि खरा खर्च तोच. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी चार पंख्यांच्या यंत्रावर होतं, त्यामुळे ते पास झालात म्हणजे हेली उडवता येईल असं धरू नका.

विमा घेताना पॉलिसीवर वजन आणि सिरीयल नंबर लिहून आलाय ना, आणि थर्ड पार्टीची रक्कम किती, एवढं बघा. यंत्राची नुकसानभरपाई देणारी पॉलिसी आणि लोकांची देणारी पॉलिसी एक नव्हे.

राहिला महापालिकेचा अर्ज. उद्यान असेल तर उद्यान विभाग, मैदान असेल तर ठाण्यात प्रभाग समिती, नवी मुंबईत विभाग कार्यालय. नवी मुंबईत जागा अजून सिडकोकडे आहे का तेही विचारून घ्या. साध्या कागदावर लिहा: कुठे, कुठल्या तारखेला, किती ते किती वाजता, यानाचं वजन आणि लांबी, किती जण उडवणार, बघ्यांना किती लांब ठेवणार. सोबत युआयएनची प्रत, विमा, आणि नकाशावर ती जागा हिरवी दिसणारं छापील पान. 'ड्रोन शूटिंग' हा शब्द चुकूनही लिहू नका, अर्ज भलत्याच टेबलावर जातो आणि शूटिंगचं भाडं मागतात. एक प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात द्या. दोन्हीकडे पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली. माझा एक अर्ज तोंडी 'ठेवून जा' म्हणून घेतला गेला, महिन्याने विचारलं तर 'कुठला अर्ज?' आवक क्रमांक नव्हता, पुन्हा पहिल्यापासून.

उत्तर नाही असं आलं तर हुज्जत नको. मुरबाड, शहापूरकडे भातकापणीनंतर रिकामी शेतं असतात. मालकाला विचारून, नकाशा बघून, तिथे सकाळी सात ते नऊ मनसोक्त उडवता येतं, आणि प्रेक्षक म्हणून फार तर दोन बगळे.

काही बिघडलं तर

अपघात झाला तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला ऑनलाइन कळवणं ही उडवणाऱ्याची जबाबदारी. ड्रोन नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जातो. कुणाला इजा झाली तर न्याय संहितेचं कलम १२५ वेगळं लागतं, आणि गंभीर दुखापतीला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

परदेशातल्या भावाला किंवा भाच्याला 'येताना एक हेली घेऊन ये' सांगणाऱ्यांसाठी: ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन किंवा जोडणीचे संच आयात करायला बंदी आहे. सुटे भाग आणता येतात. आणि वापरलेलं हेली विकत घेत असाल तर बिलाबरोबर युआयएन तुमच्या नावावर करून घ्या, त्याला नमुना डी-३ आणि पुन्हा १०० रुपये. विकणारा म्हणाला 'त्याची काही गरज नसते', तर तिथून उठा.