साझचे पान आणि कारा मेमीचे फूल

ऑटोमन काळातील, तुर्कस्तानातल्या इझनिक गावी घडलेल्या टाइलांवरील नक्षीला आपण सरसकट ‘ट्यूलिपची नक्षी’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात तिथे दोन निराळ्या शैली नांदतात, आणि त्या एकाच टाइलवर आल्या की जाणकारांचीही गल्लत होते.

पहिली शैली साझ. इराणातील तबरीझहून इस्तंबूलच्या दरबारी चित्रशाळेत आलेल्या शाहकुलू या चित्रकाराने ती रुजवली. तिच्यातील ‘हातायी’ हे फूल कोणत्याही बागेत सापडणार नाही, कारण कमळ आणि पिओनी यांच्या चिनी रूपांवरून ते कल्पनेने रचलेले, जणू उभे चिरून दाखवलेले असते. तरी साझची खरी ओळख फुलापेक्षा पानावरून पटते. ते लांब, कोयत्यासारखे वळलेले आणि करवतीसारख्या दात्यांचे असते. तोपकापी राजवाड्यातील सुंता-दालनाच्या बाहेरील भिंतीवर सुमारे सव्वा मीटर उंचीचे निळे-फिरोजी फलक आहेत. त्यांत ही पाने फुलांना भेदून आरपार जातात आणि त्या दाटीत पक्षी बसलेले दिसतात. इतका जोम मला दुसऱ्या कोणत्याही टाइलकामात आढळलेला नाही.

दुसरी शैली शाहकुलूचाच शिष्य कारा मेमी याची. गुरूनंतर चित्रशाळेचा प्रमुख झालेल्या या चित्रकाराने ट्यूलिप, कार्नेशन, गुलाब आणि हायसिंथ ही नावानिशी ओळखता येणारी फुले आणली. ती बहुधा एकाच बुंध्यातून, वाफ्यात उगवल्यासारखी वर येतात. १५६०च्या दशकाच्या आरंभी दरबारी वास्तुकार सिनानने बांधलेल्या इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत ट्यूलिपचे किती प्रकार आहेत, ते मोजता मोजता मान अवघडते.

लाल रंगावरून मात्र निवाडा करू नये. लोहयुक्त मातीचा तो लाल जाड थराने दिलेला असल्यामुळे बोटाला उंचवटा लागतो. सुलेमानिये मशिदीपासून (१५५७) तो ठळकपणे दिसतो आणि पुढे दोन्ही शैलींत वापरला जातो.

मिश्र टाइलवर फसगत होते ती पानांमुळेच, कारण ट्यूलिपचे पानही लांब आणि बाकदार असते. अशा वेळी कड पाहावी. ट्यूलिपच्या पानाची कड गुळगुळीत असते, साझच्या पानाची दातेरी. कार्नेशनलाही दाते असतात, पण ते पाकळीच्या टोकाला.