उंचावलेली जिप्सी

कारखान्यातून निघालेल्या उंचीपेक्षा वर उचललेली मारुती जिप्सी. जुन्या बाजारात फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) शोधणाऱ्याला ही गाडी हमखास भेटते. जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली, तेव्हा इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये १,२९८ सीसीची जिप्सी किंग आली. तीन दशकांहून अधिक काळात इंजिन बदलले, पण गाडीचे बूड तेच राहिले: शिडीसारखी चासी (गाडीचा सांगाडा), पुढे-मागे अखंड एक्सल (दोन्ही बाजूंची चाके जोडणारा आडवा दांडा) आणि चारही चाकांना पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). पाट्यांची गाडी साध्या हत्यारांनी उचलता येते, त्यामुळे ती नीट उचललेलीही सापडते आणि कशीतरी उचललेलीही. गाडी किती उंच आहे, याहून ती उंची कुठून आली हे महत्त्वाचे.

त्यासाठी गाडीखाली शिरावे लागते. मूळ जिप्सीत पाटे एक्सलच्या खालून जातात. ते वरून जात असतील तर पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड केलेल्या असणार. या एका बदलाने गाडी साधारण पाच इंच वर जाते. अशा गाडीत आधी वेल्डिंग बघावे. एक्सलची नळी बैठकीपाशी वाकलेली, गंजलेली किंवा टाक्याशेजारी चिरलेली दिसली, तर बोलणी तिथेच थांबवावीत.

पाटे जागच्या जागी असून गाडी उंच असेल, तर शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी हलती कडी, मोजावे. शॅकल जेवढे लांबवले त्याच्या निम्मीच उंची मिळते. दोन इंच लांबीला एक इंच. हा सर्वांत स्वस्त उपाय आणि माझ्या मते सर्वांत वाईट. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असते. ते लांबवले की एक्सल नाक खाली घालतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि हमरस्त्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासे होते. टेस्ट ड्राइव्हला गाडी वेगात भरकटत असेल, तर टायरला दोष देण्याआधी शॅकल पाहावे.

तिसरा प्रकार जादा पाट्यांचा. एखादाच पाटा इतरांहून नवा किंवा वेगळ्या जाडीचा असला की तो ओळखू येतो. जंगल सफारीसाठी मागे चढत्या बाकड्या बसवलेल्या गाडीत वजन पेलण्यासाठी असे केलेले असू शकते. सहा माणसे बसली की ती ठीक चालते. एकटा चालक असला की खड्ड्यागणिक उडते.

बॉडी लिफ्टमध्ये पाट्यांना हातच लावलेला नसतो. चासी आणि बॉडी यांच्या मधे ठोकळे घातलेले असतात. बंपर आणि बॉडी यांत नको तेवढी फट, खाली गेल्यासारखा वाटणारा ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) दांडा, ही तिची खूण. त्याने मोठ्या टायरला जागा होते, बाकी काही नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाटे, शॅकल किंवा ठोकळे यांपैकी कशानेही डिफरन्शियलखालची (एक्सलवरच्या फुगीर गिअरपेटीखालची) जागा तसूभर वाढत नाही, कारण एक्सल चाकालाच बांधलेला असतो. ती वाढते फक्त टायरने, तीही व्यासातील वाढीच्या निम्मी. २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिमी. ३१ इंची टायरचा ७८७. म्हणजे एक्सल जेमतेम सहा सेंमी वर येतो. त्याचबरोबर मूळ गिअरिंगच्या स्पीडोमीटरवर ५० दिसताना गाडी ५९ च्या आसपास धावत असते आणि चढावर इंजिन दमते.

सुधारणा करताना आधी जुने चुकीचे काढावे. लांब शॅकल मूळ मापावर आणावीत, बुश (जोडांतली रबरे) बदलावेत आणि दीड-दोन इंचांचे, लवचिक, योग्य वाकाचे नवे पाटे चारही चाकांना एकदम घालावेत. शॉकअप त्या उंचीच्या लांबीचेच हवेत. उभ्या गाडीतच शॉकअप जवळपास पूर्ण ताणलेला असेल, तर चाक खड्ड्यात उतरताच तो आपल्याच टोकावर आपटतो आणि लवकर मरतो. एका बाजूचे चाक उंच चढवून दुसरे लोंबकळते ठेवावे आणि ब्रेकची रबरी नळी हाताने चाचपावी. ती ताठ लागली तर लांब नळी घालायलाच हवी. प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते. पाटे एक्सलवर चढवलेल्या गाडीत ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) फार तिरका होतो, म्हणून खड्ड्यात स्टिअरिंग हातातून खेचले जाते. तो बदलल्याशिवाय अशी गाडी घाटात नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. सुरुवातीच्या जिप्सीची डावी-उजवी चाके नंतरच्या ‘डब्ल्यू’ मॉडेलपेक्षा सुमारे ९ सेंमी जवळ आहेत. तिला उंच करणे म्हणजे वळणावर कलंडण्याची शक्यता वाढवणे.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये खूप उचललेल्या जिप्सी चिखलात उतरलेल्या दिसतात. त्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात. रस्त्यावरचा कायदा निराळा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बदल आधीच्या मालकाने केलेला असला, तरी रस्त्यावर अडवले जाते ते गाडी आज ज्याच्या हातात आहे त्याला.